तड्याच्या पुढे

नागपूरच्या मे महिन्यात दुपारी बंद मोटारीत जो बसला नाही, त्याला प्लास्टिक का फुटतं हे सांगून कळणार नाही. आमची गाडी दारासमोर उघड्यावर उभी असायची. वर झाड नाही, छप्पर नाही. दार उघडलं की भट्टीसारखी झळ तोंडावर यायची. स्टिअरिंगला हात लावायच्या आधी नवरा त्याला ओलं फडकं गुंडाळायचा. असे कितीतरी उन्हाळे त्या गाडीने खाल्ले. आतलं काळं प्लास्टिक आधी राखाडी झालं, मग त्याच्यावर पिठासारखी पांढुरकी पूड धरली, आणि एका दुपारी नवऱ्याने दार जरा जोरात लावलं तर समोरच्या डॅशबोर्डवर काचेपासून मीटरपर्यंत तडा गेला. आवाज असा आला की मला वाटलं घरातला बल्ब फुटला.

त्यानंतर तडे येतच राहिले. सामान ठेवायच्या खणाचं झाकण बिजागरीजवळ फुटलं. दाराच्या आतली मूठ अर्धी तुटून नवऱ्याच्या हातात आली. स्टिअरिंगच्या गोलावर टाचेला पडतात तशा भेगा पडल्या आणि त्या त्याच्या तळव्याला चावू लागल्या. इंजिन मात्र चांगलं होतं. इंजिनाबद्दल मी कोणाचं ऐकून घेतलं नसतं.

गाडी दोघा भावांची होती. एका साहेबाने बदली झाली म्हणून विकली, ती थोरल्या भावाने जास्त आणि माझ्या नवऱ्याने कमी पैसे घालून घेतली. थोरल्याचं इतवारीत धान्याचं दुकान, म्हणून गाडी चालवायची माझ्या नवऱ्याने. कधी काटोलचे संत्र्याचे व्यापारी, कधी कामठीचे पाहुणे, कधी दवाखान्याचा पेशंट. पण घर चालायचं ते लग्नांवर. लग्नसराईत आमची गाडी नवरदेवाची गाडी व्हायची.

गाडी येण्याआधी आम्ही थोरल्या भावाच्या घरातच राहत होतो. तिथे मी चहात साखर किती घालते हे जाऊ डब्यापाशी उभी राहून पाहायची. ती वाईट बाई नव्हती, डबा तिचा होता इतकंच. गाडी आली, आम्ही वेगळी खोली केली, आणि साखरेचा डबा माझा झाला. ज्यांनी दुसऱ्याच्या डब्यातली साखर घेतली नाही त्यांना यात काय मोठं ते समजणार नाही. त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आता भासऱ्यांचं सांगते. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे सुनेने भासऱ्यांशी बोलायची रीत नव्हती. ते यायचे ते बाहेरूनच खाकरून यायचे, म्हणजे मी डोक्यावर पदर घ्यावा आणि तोंड फिरवावं. तेही माझ्याशी बोलायचे नाहीत. काही सांगायचं असलं की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून म्हणायचे, "म्हणा तिले, चहा टाक." मला उत्तर द्यायचं असलं तर मी जावेला द्यायचे, आणि जाऊ नसली तर आमच्या मांजरीला. गाडीच्या धंद्याची जेवढी माहिती आमच्या मांजरीला होती तेवढी गल्लीत कोणाला नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, तरी मी त्या माणसाला एक शब्द बोलले नव्हते. त्यांना काय म्हणून हाक मारायची तेही मला माहीत नव्हतं, कारण कधी मारायचीच नव्हती.

त्या वर्षी अक्षय तृतीयेच्या लग्नासाठी इतवारीतल्या एका कापडवाल्यांकडून बोलावणं आलं. वरात इतवारीतून कामठीला जायची होती. गाडी पाहायला नवरदेवाचा मामा आला. जाडजूड माणूस, तोंडात पान. पुढच्या सीटवर बसला आणि त्याने सामानाच्या खणाचं झाकण उघडलं, ते सरळ त्याच्या मांडीवर पडलं.

"हे गाडी हाय का पापड, गा?" तो नवऱ्याला म्हणाला.

"उन्हानं झालं जी," नवरा म्हणाला. "इंजिन पाहा तुम्ही. इंजिन एक नंबर आहे."

"नवरदेव इंजिनात बसते काय? घरच्या बाया मले उभं जाळतीन. लग्नाच्या दिवशी फुटकं समोर ठेवलं म्हणतीन." मग उतरला, गाडीला एक फेरी मारली, आणि "पाहू" म्हणून गेला. "पाहू" म्हणजे काय ते धंद्यात सगळ्यांना कळतं.

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत इतवारीत भासऱ्यांच्या कानावर गेली. ते जावेला घेऊन आले. खाकरले. मी पदर घेतला, शेगडीकडे तोंड केलं. ते खाटेवर बसले आणि नवऱ्याला म्हणाले, "इकून टाकू गाडी. भंगारवाला घ्याले तयार आहे."

नवरा खाली पाहून म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, दादा."

"तू दुकानात ये. तराजूवर बसजो. खोली कायले पायजे मंग? घर मोठं आहे आपलं."

मला साखरेचा डबा दिसला. माझा नाही, जावेचा.

मांजर शेगडीजवळ बसली होती. मी तिला म्हणाले, "गाडी इकायची नाही म्हणा."

नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी ताट भिरकावलं होतं. भासरे कॅलेंडरकडे वळले. "म्हणा, फुटक्या गाडीत नवरदेव बसत नसते."

"फुटलं असन तर जोडता येते म्हणा," मी मांजरीला म्हणाले.

"कोण जोडन म्हणा."

"मी जोडीन म्हणा."

भासरे हसले. कॅलेंडरवर देवाचं चित्र होतं, त्यालाच हसले म्हणा. "डागडुजी," ते म्हणाले. "बाईमाणूस मोटारीची डागडुजी करन. मंग मी घरी पोळ्या लाटतो."

"लाटा बाप्पा," जाऊ म्हणाली. "मले तेवढाच आराम."

यावर नवरासुद्धा हसला, आणि भासऱ्यांना ते आवडलं नाही. उठताना ते म्हणाले, "अक्षय तृतीयेले त्याच मामानं हे गाडी नेली तर रायली. नाही तर दुसऱ्या दिवशी भंगारात. म्हणा तिले." हे त्यांनी दाराला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने मला गॅरेजवाल्याकडे नेलं. गॅरेजवाल्याने डॅशबोर्डवर बोट फिरवलं आणि मान हलवली. "इतक्या जुन्या गाडीचा नवा पार्ट येत नसते, वहिनी. वरून रेक्झिन ठोकून देतो. एकदम नवरीवानी दिसन."

"अन् खाली तडा?"

"तो राहीन ना खाली."

"तो पुढं जाऊन राहिला तर?"

"जाऊ द्या ना. दिसून कुठं राहिला?"

मी नको म्हटलं. नवरा वाटेत माझ्यावर चिडला. "काहून नाही म्हटलं वं? एका दिवसाचं काम होतं." मी म्हणाले, आतून फुटत राहिलेली वस्तू वरून झाकली की एक दिवस हातात रेक्झिन येतं आणि खाली काही नसतं. तो म्हणाला, "तुले गाडीचं काय समजते?" मी म्हणाले, "गाडीचं नाही, बादलीचं समजते."

बादलीचं मला खरंच समजत होतं. मी काटोलकडची, शिकले चौथी, पण लग्नानंतर ज्या गल्लीत राहिले तिथे कामठीहून एक बादल्या जोडणारा यायचा. पत्र्याच्या डब्यात निखारे, त्यात खुपसलेल्या लोखंडी पट्ट्या, आणि जुन्या बादल्यांचे तुकडे. तो दारात बसून फुटक्या बादल्या, टप जोडून द्यायचा. मी समोर बसून पाहायचे. तो आधी काय करायचा, तर तडा जिथे संपतो त्याच्याही थोडं पुढे तापल्या दाभणाने एक भोक पाडायचा. मग जोडायला घ्यायचा. मी एकदा विचारलं, चांगल्या जागी भोक कशाला पाडता?

"तडा पळते बाई," तो म्हणाला. "मागून जोडत गेलं तर तो पुढं पळत जाते. त्याच्या पुढं जाऊन उभं राहा लागते. भोकापाशी आला की थांबते."

पुढे तो यायचा बंद झाला. तेव्हापासून घरच्या आणि गल्लीतल्या बादल्या मीच जोडत होते, जुन्या सराट्याने. सराटा म्हणजे भाकरी उलटायचं उलथणं. त्याचं टोक ठोकून बारीक करून घेतलं होतं.

तर मी सराटा तापवला, निळ्या बादलीची पट्टी काढली, आणि आधी सामानाच्या खणाच्या झाकणावर लावून पाहिली. छान बसली. पाघळली, पसरली, काळ्यावर निळा ओघळ तेवढा दिसत होता. मी खूश. थंड झाल्यावर नखाने टोकरलं तर सगळी पट्टी खपलीसारखी निघून आली. दुसऱ्यांदा केलं, दुसऱ्यांदा निघाली. शेजारची दारात उभी होती. "काय वं, गाडीच्या पोळ्या करून राहिली काय?" म्हणाली. "अन् त्यायी करपल्या."

मी तिला आत जा म्हणून सांगितलं नाही. मला तिच्याशी बोलायला वेळ नव्हता.

मी दोन्ही प्लास्टिकचे तुकडे पाण्याच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, टाकले. बादलीचा तरंगला, गाडीचा बुडाला. दोन्ही जाळून पाहिले. बादलीच्या तुकड्याला विझलेल्या मेणबत्तीचा वास आला. गाडीच्याला वेगळाच, गोडसर, घसा धरणारा, आणि काळी काजळी उडाली. तेव्हा कळलं की प्लास्टिकलाही जात असते आणि परजातीचं ते धरत नाही. भासरे ऐकते तर त्यांना फार आवडलं असतं. माणसांचं तसं नसतं, हे पुढे आमच्याच घरातल्या एका लग्नाने त्यांना दाखवलं, पण ती गोष्ट इथली नाही.

मग मी गाडीच्या जातीचं प्लास्टिक शोधायला निघाले. घरातल्या एकेका वस्तूचा कोपरा जाळून वास घेतला. साबणाची डबी, रेडिओचं बटण, नवऱ्याचा कंगवा.

"माझ्या कंगव्यानं तुझं काय घोडं मारलं?" तो म्हणाला.

"वास पाहून राहिली."

"मले विचारायचं. खोबऱ्याच्या तेलाचा येते."

रेडिओच्या बटणाचा वास थोडा जुळला, पण रेडिओ त्याने उचलून फळीवर ठेवला आणि त्याच्यासमोर स्वतः बसला. तिथे बसून बसूनच तो शेवटी म्हणाला, "गाडीलेच गाडीचं लाव ना. त्या खणाची मागची भिंत कोण पाहते?"

हे त्याला सुचलं, मला नाही. लिहून ठेवते, कारण पुढे बरीच वर्षं तो हे स्वतःच सांगत असे आणि लोकांना खोटं वाटायचं.

सामानाच्या खणाची आतली मागची भिंत खरंच कोणाला दिसत नव्हती. करवतीच्या पात्याने तिथून मी बारीक पट्ट्या काढल्या. नवऱ्याने डॅशबोर्डचे स्क्रू काढून दिले आणि सांगितलं, "दादाले सांगू नको मी काढले म्हणून." मी म्हटलं मी तुमच्या दादाशी बोलते कुठे?

डॅशबोर्ड ओसरीत उलटा ठेवला. उलटा पाहिला तेव्हा समजलं की वरून एक दिसत होता तो तडा खालून फांद्या फुटल्यासारखा पसरला होता. रेक्झिनवाल्याला हे दिसलं असतं का? त्याने उलटा केलाच नसता. मी दाभण तापवलं आणि प्रत्येक फांदीच्या टोकाच्या पुढे एकेक भोक पाडलं. चांगल्या, न फुटलेल्या जागी भोक पाडताना हात कचरतो. पण तिथेच पाडावं लागतं. मग तड्यावरून सराट्याची कड ओढून चर केला आणि त्यात पट्टी वितळवत नेली. फार तापलं तर प्लास्टिक उकळून फसफसतं आणि ठिसूळ होतं. कमी तापलं तर नुसतं वर बसतं, धरत नाही. दोन्ही बाजूंचं आणि मधलं असं तिन्ही एकदमच मऊ व्हावं लागतं. हे हाताला कळेपर्यंत दोन्ही हातांची बोटं पोळली. मागच्या बाजूने आधार म्हणून चहाच्या गाळणीची जाळी कापून तापवून आत बसवली. आठवडाभर आम्ही फडक्याने गाळलेला चहा प्यालो.

दाराची मूठ जोडली. झाकणाची बिजागरी जोडली. स्टिअरिंगच्या भेगा भरायला पट्ट्या पुरल्या नाहीत, तेव्हा जेवढ्या खोल होत्या तेवढ्या भरल्या आणि वरून पिशव्या विणायची प्लास्टिकची वायर घट्ट विणून घेतली. तेव्हा घरोघरी बायका वायरच्या पिशव्या विणायच्या, माझ्याकडेही होती. काळी संपली म्हणून मध्ये लाल घातली. गॅरेजवाला मुद्दाम पाहायला आला आणि स्टिअरिंग हातात धरून म्हणाला, "वहिनी, मोटार आहे का भाजीची पिशवी?"

"पिशवीत भाजी राहते," मी म्हणाले. "तुमच्या रेक्झिनात काय राहते?"

सगळं परत बसवलं. आणि जोडलेलं सगळं दिसत होतं. कानशीने घासलं तरी दिसत होतं. राखाडी डॅशबोर्डवर काळ्या, चकचकीत, जराशा वर आलेल्या रेषा, आणि टोकांना टिकलीएवढे गोल. नवरा म्हणाला, बूट पॉलिश मारू. मी म्हणाले, नवरदेवाच्या पांढऱ्या कपड्यांना लागलं तर धुवायला तुमचे दादा येतील का? पॉलिश राहिलं.

जाऊ आली, तिने पाहिलं, म्हणाली, "डाग दिसून राहिले वं."

आमच्याकडे डाग हा शब्द फार कामाचा आहे. कपड्यावर पडतो तो डाग. फुटलेलं पितळेचं भांडं जोडतात तोही डाग. पोट धरलं म्हणून पूर्वी लेकरांना तापल्या सुईने द्यायचे तोही डाग. आणि सोन्याच्या दागिन्यालाही डागच म्हणतात. जावेच्या अंगावर चांगले डाग होते. लग्नाकार्याला निघताना ती मला नेहमी विचारायची, "तू कोणता डाग घालते?" विचारताना तिला माहीत असायचं की माझ्याकडे मंगळसूत्र सोडून काही नाही.

"दिसणारच," मी तिला म्हणाले. "तुम्ही तुमचे झाकून ठेवता काय?"

अक्षय तृतीया जवळ आली तरी मामाचा पत्ता नव्हता. त्याने दुसऱ्या गाड्या पाहिल्या असणार. पण त्या मुहूर्तावर नागपुरात आणि आजूबाजूला इतकी लग्नं असतात की गाडी मिळत नाही. शेवटी तो आला. माझी कारागिरी ऐकून आला नाही, दुसरीकडे मिळाली नाही म्हणून आला. हे मला तेव्हाही माहीत होतं. तो येणार म्हणून भासरेही दुकान सोडून आले, जाऊ त्यांच्यामागे. मी दारात पदर घेऊन उभी राहिले.

मामा बसला. झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं. दाराची मूठ ओढून पाहिली. मग डॅशबोर्डकडे पाहिलं. "हे डाग कायचे?"

माझ्या नवऱ्याने तोंड उघडायच्या आत भासरे पुढे झाले. "मी म्हटलंच होतं जी. घरच्या बाईनं उगा डागडुजी केली. तुम्ही नका घेऊ. तुमच्या घरचं शुभकार्य आहे, आमच्यामुळं खोट नको. गाडी आम्ही तशीही काढूनच राहिलो."

म्हणजे मामाने नाही म्हणायच्या आधीच त्यांनी नाही म्हणून टाकलं. मामा उतरायला लागला. त्याचा एक पाय बाहेर आला होता. माझ्यासमोर तडा पळत होता आणि मी मागे उभी होते.

मांजर तिथे नव्हती. असती तरी मी तिच्याशी बोलले नसते.

मी ओट्यावरून खाली उतरले आणि भासऱ्यांना म्हणाले, "तुम्ही थांबा जी."

त्यांना कळायला वेळ लागला की हे त्यांना म्हटलं. ते मागे वळून पाहू लागले, मागे कोणी आहे का म्हणून. तोवर मी मामापाशी गेले होते. "डाग आहेत," मी म्हणाले. "मी दिले. काम मी केलं, तर मले विचारा. जिथं डाग आहे तिथं ठोसा मारून पाहा."

मामाने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्याकडे. नवरा म्हणाला, "मारा जी." एवढंच म्हणाला, पण दादासमोर म्हणाला.

मामाचा हात भारी होता. त्याने मुठीने डॅशबोर्डवर अशी मारली की वरची धूळ उडाली, आणि कट्ट असा तोच जुना आवाज आला. सगळे वाकले. डाग होता तसा होता. त्याच्या चार बोटं बाजूला, जिथे मी हातही लावला नव्हता, तिथे नवा तडा गेला होता.

मग जाऊ म्हणाली, "आता हा मामाजीचा."

मामाने तोंडातलं पान थुंकलं. "म्यां तुमच्या सांगण्यावरून मारलं," तो म्हणाला.

"म्यां डागावर मारा म्हटलं होतं," मी म्हणाले. "बसा तुम्ही. जाऊ नका."

शेगडी पेटलेलीच होती. दाभण आणि सराटा आणला. मामा पुढच्या सीटवर, मी दाराशी वाकून, हातात तापलेलं लोखंड. तड्याचं टोक शोधून त्याच्यापुढे भोक पाडलं. त्याने पाय वर घेतले. "जळन काय वं बाई, धोतर?" म्हणाला. मी म्हणाले, हलला नाहीत तर नाही जळणार. तो हलला नाही. खणाच्या मागून आणखी एक पट्टी कापली, वितळवली, बसवली, थंड होऊ दिली. एक हात वर धरायचा, एक हात दाबायचा, त्यात डोक्यावरचा पदर केव्हा खांद्यावर आला ते मला कळलं नाही. कळलं तेव्हा मी तो तिथेच राहू दिला, कारण हात भरलेले होते.

काम झाल्यावर मामाने अंगठ्याने दाबून पाहिलं. एकदा, परत एकदा. ठोसा मारला नाही.

"दुसरी गाडीही नाही मिळून राहिली," तो शेवटी म्हणाला. "पण घरच्या बायाले काय सांगू?"

"सांगा, डाग आहेत," मी म्हणाले. "बाया आहेत, समजतीन."

अक्षय तृतीयेच्या सकाळी फुलवाला आला आणि त्याने गाडी झेंडूने भरून टाकली. नवऱ्याने इस्त्रीचे कपडे घातले. भासरे आणि जाऊ आले होते, कारण गाडी त्यांचीही होती आणि नवरदेवाची गाडी निघते तेव्हा मालकाला उभं राहावं लागतं. भासरे आदल्या भेटीपासून खाकरायचेही विसरले होते. जाऊ घरातून एक जरीचं फडकं घेऊन आली होती. तिने ते डॅशबोर्डवर पसरलं, कोपरे नीट दाबले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "यायनंच आणाले सांगतलं. झाकून टाक म्हणे."

मी दार उघडलं, फडकं काढलं, घडी केली आणि तिच्या हातात दिली.

"पाहतीन लोक," ती हळूच म्हणाली.

"पाहू द्या."

भासऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यावर कॅलेंडर नव्हतं. गाडीच्या काचेकडे पाहिलं, तर काचेत मीच दिसत होते. मग ते वळले आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलले.

"पदर घे," ते म्हणाले.

नवऱ्याने गाडी सुरू केली. लाल-काळ्या वायरीवर त्याचे दोन्ही हात होते आणि फडकं गुंडाळलेलं नव्हतं. गाडी वळणावरून इतवारीकडे गेली.

"म्हणा तिले" असं न म्हणता ते बोलले होते. तेवढं मी ठेवून घेतलं. पदर घेतला नाही.